चौसष्ट किलोंची सवत

पासंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रिकाम्या तराजूची एक बाजू केसभर झुकलेली असते, त्या फरकाला बाजारात पासंग म्हणतात, आणि तो हुडकून काढण्यात वजनमापे खात्याच्या या निरीक्षकाचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. पारड्याच्या बुडाला थापलेलं मेण असो की फळीखाली दडवलेलं लोहचुंबक, पासंगराव दुकानाच्या पायरीवर नुसते उभे राहिले तरी आतल्या माणसाच्या कपाळाला घाम फुटायचा. व्यापाऱ्यांनी चिडून हे नाव ठेवलं. पुढे पुढे ते त्यांना इतकं आवडलं की फोनवरही ते स्वतःच 'पासंगराव बोलतोय' म्हणू लागले.

अशा माणसाला नवी स्कूटर घ्यायची होती.

जुनी आता चढावर धापा टाकायची, आणि खड्ड्यातून गेली की तिचा कुठला ना कुठला अवयव पुढचा अर्धा तास खुळखुळत राहायचा. शहरातल्या शहरात ती आणखी दोन वर्षं रेटता आली असती. पण लेकीची नेमणूक आडवी आली. लेक जनावरांची डॉक्टर. तिला जागा मिळाली एकशे दहा किलोमीटरवरच्या गावात, आणि जनावरांना रविवार नसल्यामुळे तिला घरी येणं काही जमेना. आईबापांनी जायचं तर वाटेत बस बदलायची, एका वेळचे साडेचार तास मोडायचे, आणि परतीची शेवटची बस पाचला. म्हणजे लेकीच्या दारात चपला काढायच्या आणि घड्याळाकडे बघत पुन्हा पायात सरकवायच्या. वर्षभरात दोनदा गेले होते. दुसऱ्या वेळी परतताना बायको खिडकीबाहेर बघत राहिली आणि घर येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. ते पासंगरावांच्या मनाला फार लागलं होतं.

चारचाकी घ्यावी तर गल्ली एवढी अरुंद, की ती समोरच्याच्या दाराला टेकवूनच उभी करावी लागली असती. तेव्हा रोज गर्दीतून बाजार फिरायला आणि रविवारी हमरस्त्यावर पळायला चालेल अशी एकच मध्यम आकाराची स्कूटर घ्यायची, असं ठरलं. म्हणजे पासंगरावांनी ठरवलं. बायको एवढंच म्हणाली, "घ्या हवी ती. मी आपली बसनं येईन."

या 'बसनं येईन'च्या मागे बावीस वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ होती.

तेव्हा लेक दोन वर्षांची होती आणि जुनी स्कूटर नवी होती. लेकीला शेजारणीकडे ठेवून नवराबायको बाजारातून परत येत होते. पासंगरावांनी त्याच दिवशी भाजीबाजारात नोकरीतला पहिला बडा मासा पकडला होता, आणि तो कसा पकडला ते हँडलवरचा एक हात सोडून बायकोला रंगवून सांगणं चाललं होतं. सिग्नलला बायकोच्या पायातली चप्पल निसटली. ती उचलायला ती खाली उतरली, वाकली, आणि तेवढ्यात हिरवा दिवा लागला. पासंगराव निघाले. चार किलोमीटर ते बोलत होते. मध्ये दोनदा त्यांनी "कळलं का?" असंही विचारलं. उत्तर आलं नाही, ते गोष्टीत रंगल्यामुळे, असा त्यांनी समज करून घेतला. दाराशी गाडी उभी करून ते म्हणाले, "उतर." मागे फक्त सीट होती.

बायको पाऊण तासानं चालत आली, बंद तुटलेली चप्पल हातात घेऊन. "दुसऱ्याच्या काट्यावर दहा ग्रॅम कमी असले तर तुम्हाला कळतं," ती म्हणाली. "तुमच्या गाडीवरून आख्खी बायको कमी झाली, ते नाही कळलं."

भांडली नाही, रडली नाही, माहेरी गेली नाही. त्या दिवसापासून ती पासंगरावांच्या मागे कधी बसली नाही, एवढंच. लग्नाकार्याला ते स्कूटरवरून जायचे आणि ती बसनं. बाकी संसार छान झाला. दोघं एकमेकांची भरपूर चेष्टा करायची, पण त्या मागच्या सीटचा विषय निघाला की पासंगराव पाणी प्यायला आत जायचे. आणि भाजीबाजारातली ती गोष्ट पुन्हा काढायची तर त्यांची कधी छातीच झाली नाही.

म्हणून सांगायचं ते असं, की स्कूटर हे निमित्त होतं. पासंगरावांना हवी होती ती मागच्या सीटवर बायको.

शोरूममधला विक्रेता गोड बोलणारा होता आणि सुरुवातीला हसतमुखही होता. आठ दिवसांत पासंगरावांनी सहा खेपा घातल्यावर तो नुसताच गोड बोलणारा राहिला. त्यांनी एक चौकटीची वही केली होती. तिच्यात डाव्या पानावर करडी आणि उजव्या पानावर निळी. करडी तीनशे सीसी इंजिनाची, अंगानं भरलेली, पुढे वारा अडवायला उंच काच, सीटखाली दोन हेल्मेटं सहज मावायची. हमरस्त्यावर नव्वदनं गेली तरी तिच्या हँडलवर ठेवलेला हात थरथरायचा नाही. पण ती एकशे नव्वद किलोंची. बाजाराच्या बोळात वळवायची तर आधी मागेपुढे करून तिची मनधरणी करावी लागायची. निळी दोनशेची, एकशे चाळीस किलो, गर्दीतून अशी निघायची की पायी चालणाऱ्यानं हेवा करावा. मात्र ऐंशीच्या पुढे तिच्या हँडलला झिणझिण्या यायच्या, आणि मागे माणूस बसला की तिचं बूड दोन बोटं खाली बसायचं.

"निळीचं सस्पेन्शन मऊ आहे साहेब, खोटं कशाला बोलू," विक्रेता म्हणाला. "मागचं वजन जाणवतं. लोकांची तीच तक्रार असते. करडीचं तसं नाही. मागं माणूस असला काय, नसला काय, चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही."

पासंगरावांनी मान डोलावली आणि डाव्या पानावर बरोबरची खूण केली. पुढे जे झालं ते बघता ही खूण त्यांनी दोनदा विचार करून करायला हवी होती.

"तरीपण मागे वजन ठेवून चालवून बघितल्याशिवाय मी घेणार नाही," ते म्हणाले.

"बाईंना घेऊन या की."

"त्या येणार नाहीत."

विक्रेत्यानं स्वतः मागे बसायची तयारी दाखवली. पासंगरावांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "पंचावन्न. चालणार नाही."

ऑफिसात वीस-वीस किलोंची प्रमाणित लोखंडी वजनं रांगेनं मांडलेली होती. पण सरकारी वजनं खाजगी कामाला वापरायची म्हणजे पासंगरावांना रात्रीची झोप आली नसती. त्यांनी दुसरी वाट काढली. ते बायकोच्या दुकानात गेले.

बायकोचं दुकान म्हणजे पुलाच्या अलीकडची एक लांबट खोली. ती सोफ्याच्या गाद्या, खुर्च्यांची कुशनं, दवाखान्यातल्या बाकांची आवरणं असं शिवायची. भिंतीला फोमचे ताव टेकलेले, जमिनीवर कापडाच्या चिंध्या, आणि मधोमध ते अवजड शिलाई मशीन, ज्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सगळ्या घराला सवय लागली होती.

"एक पिशवी शिवून हवी," पासंगराव मोठ्यानं म्हणाले. "जाड कॅनव्हासची. वाळू भरायला. सीटवर नीट बसेल अशी, खाली गोल, वर निमुळती."

"कितीची?"

"तुझ्याएवढी."

मशीन थांबलं. बायकोनं चष्म्यावरून बघितलं. पासंगरावांनी सगळा बेत सांगितला, वहीसकट. ती ऐकून घेत होती आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा हलत होता.

"साठ," ती शेवटी म्हणाली.

पासंगराव दुरून पोतं बघून वजन सांगणारे. चौसष्ट, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आपली अक्कल कुठे पाजळावी हेही त्यांना ठाऊक होतं. "साठ," त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दोन दिवसांत पिशवी तयार झाली. काम बघत राहावं असं. दुहेरी शिवण, कमरेशी पट्टा ओवायला दोन फासे, आणि पाठीवर दुकानाचा शिक्का, खाली फोन नंबर. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ती तो शिक्का शिवायचीच. "घ्या," ती म्हणाली, "माझ्या हातानं माझी सवत शिवून दिली. असं कोणी केलंय का आजवर?"

शेजारी नवीन इमारत उठत होती, तिथून पासंगरावांनी वाळू मागून आणली. घरच्या काट्यावर तोलून साठ किलो भरली. पिशवी काठोकाठ भरली. खोट्या वजनावर गाडी तपासायची हे काही त्यांच्या मनाला पटेना. बायको घरात नाही हे बघून त्यांनी मुठीनं ठोकून ठोकून आणखी चार किलो आत दडपली. शिवणी टरटरल्या, पण बसली वाळू.

शनिवारी सकाळी शोरूमच्या दोन मेकॅनिकांनी सवतीला उचलून करडीच्या मागच्या सीटवर बसवलं आणि पट्ट्यानं मागच्या दांडीला बांधलं. "बाई जरा अंगानं भरल्या आहेत," एक जण धापा टाकत म्हणाला. पासंगराव निघाले. बारा किलोमीटरचा फेरा त्यांनी आधीच आखला होता. आधी बाजार, मग पुलाखालचा रस्ता, तिथून बाहेरचा मोठा रस्ता आणि परत.

करडी खरोखर गुणाची निघाली. बाजारात थोडी अडली, पण तिथून सुटल्यावर तिनं असा वेग घेतला की पासंगरावांना पंचविशीतलं वारं लागलं. आणि वारं लागलं की ते बोलायला लागायचे. "हे बघ, आता ब्रेक लावतो," ते मागे म्हणाले. "बघितलंस? हिसका नाही. आता पुलाखाली गतिरोधक आहे. जाणवला? नाही ना? अगं, आपण दोन तासांत लेकीकडे. जेवायला तिथेच." पुढे मोठ्या रस्त्यावर त्यांनी पंच्याऐंशीपर्यंत काटा नेला आणि काचेआड डोकं जरा खाली घेऊन गुणगुणलेही.

शोरूमच्या दारात ते उतरले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "हीच," ते विक्रेत्याला म्हणाले. "मागचं वजन जाणवलंसुद्धा नाही."

विक्रेता त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. "साहेब," तो जपून म्हणाला, "बाई कुठायत?"

पासंगराव वळले. मागे फक्त सीट होती.

मेकॅनिक दोघंही तेलकट फडकी तोंडात कोंबून आत पळाले. पासंगराव मात्र मोकळ्या सीटवरून हात फिरवत उभे राहिले. वाळूचं काय, वाळू ढिगानं मिळते. पण बावीस वर्षं त्यांनी स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती, की तेव्हा आपण तरुण होतो, गोष्टीच्या भरात होतो, आज असं कधी होणार नाही. ती समजूत एका सकाळीत निकालात निघाली. ते मुकाट्यानं करडीवर बसले आणि आल्या वाटेनं उलटे निघाले, दोन्ही कडा बघत.

पुलाखालच्या गतिरोधकाशी, रोपवाटिकेच्या कुंपणाला लागून, सवत पडली होती. कमरेचा एक फासा शिवणीतून उसवलेला. तिच्या शेजारी कट्ट्यावर बायको बसली होती, मांडीवर हात ठेवून, अगदी निवांत. रोपवाटिकेतला म्हातारा माळी झारी घेऊन दोघींच्या मध्ये उभा होता.

"यांनीच फोन केला," बायको म्हणाली. "शिक्क्यावर नंबर वाचून. म्हणाले, बाई, तुमच्याकडचं काहीतरी इथं पडलंय. फार जड आहे, एकट्याला उचलत नाही."

"गाडीवरून पडलं आणि गाडीवाला थांबलाच नाही," माळी तक्रारीच्या सुरात म्हणाला. "हाका मारल्या मी. पण तो बोलण्यात होता कुणाशी तरी."

पासंगरावांनी गाडी उभी केली आणि ते सवतीच्या दुसऱ्या बाजूला कट्ट्यावर टेकले. माळ्याला परिस्थितीचा अंदाज आला असावा. तो पाण्याच्या नळाकडे गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला.

"कुठं गेल्यावर कळलं?" बायकोनं विचारलं.

"शोरूममध्ये."

"म्हणजे आठ किलोमीटर. मागच्या वेळी चार होते." तिनं उसवलेला फासा बोटात धरून निरखला. "माझी शिवण अशी जात नाही. साठला मी दुहेरी टाके घातलेत. किती भरलंत यात?"

पासंगरावांनी आयुष्यात व्यापाऱ्यांकडून पुष्कळ कबुलीजबाब घेतले होते. देण्याची सवय नव्हती. "चौसष्ट," ते म्हणाले.

"का?"

"तू चौसष्ट आहेस."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? दिसतं की."

बायको म्हणाली, "म्हणजे मी चार किलो चोरले ते तुम्हाला नजरेनं कळतं. आणि चौसष्टच्या चौसष्ट गेले तर पाठीला कळत नाही."

पासंगराव वाळूच्या पिशवीकडे बघत बसले. पुलावरून गाड्या धडधडत जात होत्या. आणि मग जे ते बावीस वर्षांत बोलले नव्हते ते बोलले, अगदी खाली मान घालून.

"मला वाईट वाटतं गं. तेव्हाही वाटलं होतं. मी विषय टाळत आलो, कारण तोंड दाखवायला जागा नव्हती. गाडीवर बसलो की मला वाटतं तू मागे आहेसच. म्हणून तर मी बोलत असतो. आजही बोलत होतो. बावीस वर्षं मी एकटाच फिरतोय त्या स्कूटरवर, पण मागे कुणी नाही असं समजून कधी चालवली नाही."

बायकोनं त्यांच्याकडे बघितलं नाही. पण तिचा हात सवतीच्या पाठीवरून शिक्क्यावर आला आणि तिथेच राहिला. "गाडी कशी आहे?" तिनं विचारलं.

"उत्तम. तक्रारीला जागा नाही."

"मग घ्या."

"नाही," पासंगराव म्हणाले. हे त्यांचं त्यांनाच तेव्हा कळलं. "तू पडलीस तरी जिच्यावर मला पत्ता लागत नाही, ती गाडी मला काय करायचीय?"

बायको हसली. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग चष्मा काढून. माळी नळापासून वळून बघायला लागला, इतकी हसली. "उद्या येते मी शोरूमला," ती डोळे पुसत म्हणाली. "बसनं."

दुसऱ्या दिवशी ती आली. विक्रेत्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, करडीची स्तुती सुरू केली. तिनं तिकडे लक्ष न देता दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटांत अंगठा रुतवून बघितला आणि मनात काही तरी मोजलं. करडीच्या सीटबद्दल "फोम चांगला आहे" असं प्रामाणिकपणे सांगितलं. निळीत अंगठा रुतवला आणि नाक मुरडलं. "हा सहा महिन्यांत बसेल. पण त्याची काळजी नको. फोम बदलायला मी आहे."

"निळी बघू," पासंगराव म्हणाले.

"पण साहेब," विक्रेत्याचा जीव कासावीस झाला, "हिच्यात मागचं वजन जाणवतं. मी बोललो होतो ना?"

"म्हणूनच."

बायकोनं हेल्मेट उचललं आणि हनुवटीखालचा पट्टा लावता लावता सांगितलं, "मी बसते. पण एक आहे. वाटेत कुठंतरी उतरेन. कुठं ते सांगणार नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही दुकानावर धाड घालता ती आधी सांगून घालता का?"

निळीचं बूड दोन बोटं खाली बसलं. बावीस वर्षांनी. पासंगरावांनी हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पहिल्या परीक्षेला बसलेल्या मुलासारखी त्यांची गत झाली होती. आज मागे वळून बोलणं त्यांनी बंद ठेवलं. पहिला सिग्नल आला, लाल होता. ते पाय टेकून पाठीनं ऐकत राहिले. काही हललं नाही. हिरवा झाला, निघाले. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी आरशात डोकावायचा मोह आवरला, कारण आरशात बघणं म्हणजे कॉपी करून पास होणं. तिथेही काही नाही. मधल्या गतिरोधकावर दोघं बरोबरच वर गेली आणि बरोबरच खाली आली.

तिसरा सिग्नल चौकातला, मोठा. मागे रांग लागलेली. पासंगराव उभे होते आणि त्यांच्या खालून निळी सावकाश, श्वास घेतल्यासारखी, दोन बोटं वर आली.

ते हलले नाहीत. वळून बघितलंही नाही. हिरवा दिवा लागला. शेजारच्या गाड्या सुटल्या. मागून एक भोंगा वाजला, मग तीन. एका मोटारवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. "काका, चला की. हिरवा झालाय."

"थांबा जरा," पासंगराव समोर बघत म्हणाले. "वजन कमी भरतंय."

मोटारवाल्याला काही कळलं नाही. तो कपाळावर हात मारून बाजूनं निघून गेला. हिरवा पिवळा झाला, पिवळा लाल झाला. बायको पदपथाच्या कडेला हाताची घडी घालून उभी होती. तिनं आख्खा एक हिरवा दिवा जाऊ दिला. मग दुसराही अर्धा. पासंगराव भोंग्यांच्या गदारोळात पाय रोवून उभे होते, कान लाल झालेले, आणि खरं सांगायचं तर इतक्या सुखात ते कित्येक वर्षांत नव्हते.

निळी दोन बोटं खाली बसली.

"भरलं," पासंगराव म्हणाले आणि निघाले.

निळी घरी आली. विक्रेत्यानं किल्ली देताना पासंगरावांचे दोन्ही हात हातात धरले. तो आनंद नुसता गाडी विकल्याचा नव्हता. बायकोनं पहिल्याच आठवड्यात मागची सीट उसवून आत आपल्या पसंतीचा फोम भरला आणि कडेला दुकानाचा शिक्का शिवला. पासंगरावांनी बाजाराच्या बोळातून चार दिवस ती फिरवली. आता ते आल्याचं व्यापाऱ्यांना आधी कळेनासं झालं, कारण नवी गाडी खुळखुळत नव्हती. सवतीचा फासा पुन्हा शिवून तिला दुकानाच्या दाराशी बसवली. वारा सुटला की ती दार धरून ठेवते.

रविवारी सकाळी सातला दोघं निघाली. शहर मागे पडलं, हमरस्ता लागला, दोन्ही बाजूंना उघडी शेतं आली. पासंगरावांनी काटा सत्तरवर नेला, मग पंचाहत्तरवर. अजून झिणझिण्या नव्हत्या. पाठीशी नेमकी चौसष्ट होती. तिचा एक हात त्यांच्या खांद्यावर आणि दुसरा लेकीसाठी शिवलेल्या कुशनाच्या गाठोड्यावर. ते गप्प होते. सवत पडल्या दिवसापासून त्यांनी गाडीवर गप्पच राहायचं ठरवलं होतं. आपलं बोलणं किती महागात पडतं ते त्यांनी दोनदा बघितलं होतं.

वीस किलोमीटर गेल्यावर बायकोनं खांद्यावर टकटक केली. त्यांनी वेग कमी केला.

"काय झालं? उतरायचंय?"

"नाही. गप्प का तुम्ही?"

"असंच. लक्ष ठेवतोय."

थोडं अंतर तसंच गेलं. एक मालट्रक त्यांना मागे टाकून पुढे निघाला. मग बायको पुढे झुकली. तिचं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटला ठक्कन लागलं.

"त्या दिवशी काहीतरी सांगत होतात," ती म्हणाली. "मी चप्पल घ्यायला उतरले तेव्हा. भाजीबाजारातला कुणी तरी फळीपाशी पाय घेऊन बसला होता, एवढंच ऐकलंय मी. पुढं काय झालं?"

ती गोष्ट पासंगरावांनी एकदा सबंध सांगितली होती, चार किलोमीटर, रिकाम्या सीटला. त्यानंतर कुणालाच नाही.

"बटाटेवाला होता तो," ते म्हणाले.

"मोठ्यानं. ऐकू येत नाही."

पंचाहत्तरच्या वाऱ्यात शब्द मागे पोचत नव्हते. पासंगरावांनी काटा साठवर आणला, मग पन्नासवर. तिथे ऐकू येऊ लागलं. मालट्रक, बस, एक दूधवाला, सगळे एकेक करून त्यांना मागे टाकत गेले. एकशे दहा किलोमीटरला किती वेळ लागेल याचा त्यांनी वहीत केलेला हिशेब पार कोलमडला. लेकीला फोन करून उशीर होईल म्हणून सांगायला हवं, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं.

"बटाटेवाला होता," त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. "आणि त्यानं फळीखाली लोहचुंबक लपवलं होतं. कळलं का?"

"कळलं," मागून उत्तर आलं. "पुढं सांगा."